झाडावरून दिलेली दुसरी हाक

समजा, तुम्ही तेलमाडाच्या शेंड्यापाशी आहात आणि तुम्हाला खाली यायचं आहे.

चढायचं कसं ते मी सांगत बसत नाही. अंगात जोर आणि डोक्यात थोडी मस्ती असली की चढणं जमतं. उतरायचं बघा. तुमच्या कमरेमागून निघून झाडाला वळसा घातलेला एक दोर आहे. अंगठ्याएवढा जाड, माडाच्याच झावळीच्या धाग्यांचा, तुम्ही स्वतः वळलेला. जोवर तुम्ही मागे रेललेले आहात तोवर तो झाडाला घट्ट आवळलेला राहतो, आणि तुमचं सगळं वजन तो दोर आणि तुमचे दोन तळवे मिळून पेलतात. पण खाली यायचं तर एक क्षण पुढे झुकावं लागतं. झुकलात की दोर ढिला पडतो. त्याच क्षणी दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंनी सारखाच, तो वीतभर खाली झटकायचा. लगेच मागे रेलायचं. मग एकेक पाय खाली. पुन्हा झुका, झटका, रेला. आठ पुरुष उंचीच्या झाडावर हे साठ-सत्तर वेळा.

आता समजा, तुमचा डावा हात नाही. म्हणजे आहे, खांद्याला लटकतोय, पण सांगितलेलं ऐकत नाही. एकट्या उजव्या हातानं दोर झटकला तर उजवी बाजू खाली येते आणि डावी वरच राहते. झाडाभोवतीचं दोराचं कडं तिरकं होतं आणि जुन्या झावळ्यांच्या खुंटांत जाऊन बसतं. आता ते खालीही येत नाही आणि वरही जात नाही. तुम्ही पडणार नाही, निदान पायांत ताकद आहे तोवर. पण तुम्ही कुठेच जाऊ शकत नाही.

काय कराल?

बहुतेक माणसं ओरडतील. उमुओकपाराचे माडीवाले अनोझिए ओरडले नाहीत. ते माझे वडील. दोन तास ते तसेच वर होते. त्या दोन तासांच्या शेवटी ते जे दोन शब्द बोलले, त्यांचा मला जितका अभिमान वाटतो तितका त्यांनी तीस वर्षांत चढलेल्या कुठल्याही झाडाचा वाटत नाही.

आमच्याकडे शेंड्यातली पोय, म्हणजे फुलांचा कोंब, छेदून माडी काढणारा बुंध्याशी आला की चढण्याआधी हाक देतो, "मी वर येतोय. उघड्यावर असाल तर झाकून घ्या." आमच्या न्हाण्या म्हणजे परसात झावळ्यांचा आडोसा आणि वर आभाळ. शेंड्यावरून दहा घरांची परसं दिसतात. हाक आली की बायका अर्धी आंघोळ टाकून, अंगाला कापड गुंडाळून घरात जातात आणि आतच थांबतात. खाली उतरल्यावर माडीवाला कोयतीच्या मुठीनं बुंध्यावर तीन ठोके देतो, मग सगळ्या बाहेर येतात. वर जातोय याची खूण आहे, खाली आलो याची आहे. मधल्यामध्ये काही झालं तर त्याची खूण नाही. इतक्या पिढ्यांत हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. ज्यांच्या लक्षात आलं असेल ते बहुधा सांगायला खाली पोचले नसतील.

माझे आजोबा एमेनिके हेसुद्धा माडीवाले. बाबा अकरा वर्षांचे असताना, मामाच्या गावी राहायला गेले होते तेव्हा, इकडे आजोबा झाडावरून पडले. सकाळी चढले होते. दुपारी कुणी शेळी शोधत गेलं तर बुंध्याशी पडलेले, अंग गार झालेलं. आजूबाजूला दहा घरं, पण किंकाळी कुणीच ऐकली नव्हती. मातीच्या दिवशी म्हाताऱ्यांनी हेच पुन्हा पुन्हा सांगितलं, की पुरुष असावा तर असा, मरण अंगावर आलं तरी तोंडातून आवाज काढला नाही. ढोलवाल्यानं तेच ढोलावर वाजवलं. त्या दिवसापासून बाबांची गावात एकच ओळख झाली, आवाज न करता पडलेल्याचा मुलगा.

अकरा वर्षांच्या पोराला अशी ओळख मिळाली की तो ती सदऱ्यासारखी अंगात घालतो. पुढे अंग वाढतं, सदरा वाढत नाही. तरी तो काढता येत नाही.

बाबांनी स्वतःची दाढ स्वतः काढली, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. एकदा एका लग्नाच्या बोलणीत मानाचं कोलाफळ फोडण्याआधीची प्रार्थना चालू असताना त्यांच्या पायाला विंचू चावला. प्रार्थना म्हणणारे म्हातारे एकेक करून सगळ्या पूर्वजांची नावं घेणारे होते. बाबांनी पाय उचलला, विंचवावर ठेवला आणि शेवटच्या पूर्वजापर्यंत तसेच उभे राहिले. ही गोष्ट सांगताना आई नेहमी म्हणते, की विंचू बिचारा पहिल्या पूर्वजालाच मेला होता.

सगळं असं हसण्यासारखं नव्हतं. मी पहिल्यांदा ओवेरीला तंत्रनिकेतनात निघाले तेव्हा सगळं घर गाडीपर्यंत आलं. बाबा आले नाहीत. ते घरामागे कोयतीला धार लावत बसले होते. धारेचा आवाज गाडी वळेपर्यंत मला ऐकू येत होता. पुढे कधीतरी आईनं सांगितलं, की त्या कोयतीला त्यांनी पहाटेच धार लावून ठेवली होती.

आणि होता न्जोकू. बाबांपेक्षा चार वर्षांनी लहान, तोही माडीवाला, पण दोन दोर वापरणारा. एक कमरेला आणि दुसरा मांड्यांखालून झोळीसारखा. पहिला अडकला किंवा सुटला तर दुसऱ्यावर बसता येतं. हिशेबानं पाहिलं तर यात हसण्यासारखं काहीच नाही. पण बाबा माडीच्या बैठकीत त्याला बघितलं की म्हणायचे, "आलं बघा, पाठुंगळीला बांधलेलं पोर आलं. आईनं गाठ नीट मारली ना रे?" सगळी बैठक हसायची. न्जोकू आपला माडीचा तुंबा खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "मारली, डेडे." वडीलधाऱ्याला डेडे म्हणायचं ते त्यानं कधी सोडलं नाही. वीस वर्षं हेच चाललं होतं.

बाबांच्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या त्याला वर्ष होऊन गेलं होतं. हे आम्हाला नंतर कळलं. आईला आधीच दिसलं होतं. ते पेला उजव्या हातानं घ्यायला लागले होते. गुंड्यांचे सदरे सोडून डोक्यातून घालायचे सदरे वापरायला लागले होते. आईनं एकदाच विषय काढला. उंच झाडं न्जोकूला द्या, म्हणाली. बाबा दोन दिवस घरात जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिनं भाजलेलं कोनफळ आणि तिखट तेल समोर ठेवलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. ती फक्त ऐकायला लागली. काय ऐकायला, ते मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

त्या दिवशी न्क्वो, आमच्या बाजाराचा वार होता. पुरुष पहाटेच सायकलींवरून निघून गेले होते. घरांमध्ये बायका आणि म्हातारी माणसं. मी सुट्टीला आले होते. सात वाजता मी न्हाणीत केसांना साबण लावत होते आणि मागच्या उंच माडाकडून बाबांची हाक आली. मी कापड गुंडाळून घरात आले आणि ठोक्यांची वाट बघत उभी राहिले. एरवी भांडंभर पाणी उकळायच्या आत ते खाली आलेले असतात. ठोके झाले नाहीत. उलट पुन्हा हाक आली, "मी वर येतोय. उघड्यावर असाल तर झाकून घ्या." तोच आवाज, तसाच खणखणीत. मला वाटलं, दुसऱ्या झाडाकडे गेले असतील. साबण केसांतच वाळायला लागला होता. बऱ्याच वेळानं तिसरी हाक आली. शेजारच्या उगोएझेनं तर तिसऱ्या हाकेला खिडकी लावून घेतली. इतका आग्रह करतोय म्हणजे आज फारच उंच झाडावर चढलाय, असं तिला वाटलं म्हणे.

मी वैतागून स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हणाले, की बाबा आज गावात कुणाला आंघोळ करू देणार आहेत की नाही.

आई नुकतीच शेतातून येऊन कसावा सोलायला बसली होती. तिचे हात थांबले.

"किती हाका झाल्या, अडा?"

"तीन."

"आणि ठोके?"

"ठोके मी नाही ऐकले."

"ऐकले नाहीस, का झालेच नाहीत?"

मी उत्तर देण्याआधीच ती उठली होती. सव्वीस वर्षं, सकाळ-संध्याकाळ, ही बाई चुलीपुढे बसून तीन ठोके मोजत होती. तिसरा ठोका पडला की तिचा दिवस पुढे सरकायचा. मी त्याच घरात वाढले, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

ती परसाच्या कडेपर्यंत गेली, वर बघितलं आणि परतली. बाबा शेंड्याखाली मागे रेललेले होते. दोर तिरका. त्यांनी तिला बघितलं की नाही, कोण जाणे. मी हाक मारायला तोंड उघडलं तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिला माहीत होतं, की विचारलं तर ते ठीक आहे म्हणतील, आणि एकदा ठीक आहे म्हटल्यावर ते शब्द त्यांना मागे घेता येणार नाहीत. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, न्जोकूच्या घराकडे धावत सुटली.

न्जोकू सायकलची साखळी तुटली म्हणून बाजारला गेला नव्हता. दारात साखळीच जोडत बसला होता. आई त्याच्यापुढे उभी राहिली, आणि धापा टाकत तिनं एवढंच सांगितलं, की एकाच झाडावरून तीन हाका आल्या, ठोके एकदाही नाहीत. त्यानं साखळी खाली टाकली. घरात जाऊन दोन्ही दोर खांद्यावर टाकले, भिंतीवरचा तिसराही घेतला.

आम्ही झाडाखाली पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. चौथी हाक नुकतीच होऊन गेली होती. बाबांच्या पिंढऱ्या थरथरताना खालून दिसत होत्या.

न्जोकूनं मान वर केली. "डेडे, काय चाललंय वर?"

"पोय छेदतोय," वरून उत्तर आलं.

"दोन तास?"

"जाड आहे."

न्जोकू थांबला. त्याला वर जायचं तर बाबांनी हो म्हणायला हवं होतं. तो काही नियम नाही, पण त्याहून पक्कं आहे. एका माणसाच्या झाडावर दुसरा माणूस बोलावल्याशिवाय चढत नाही. त्यानं आईकडे बघितलं.

आईनं लग्न झाल्यापासून बाबांना कधी नावानं हाक मारली नव्हती. ती अडाचे बाबा म्हणायची. ती बुंध्याशी गेली, तळहात झाडाला टेकला आणि वर बघून म्हणाली, "अनोझिए, इथे मी आहे, आपली पोरगी आहे आणि न्जोकू आहे. बाकी सगळं गाव घरात जाऊन बसलंय. तूच बसवलंयस. जे काही सांगायचं ते तिघांनाच ऐकू येईल."

एक वाळलेलं झावळीचं पातं गिरक्या घेत खाली आलं. मग बाबांचा आवाज आला, हाकेचा नव्हे, घरातला.

"हात गेलाय."

एवढंच. दोन शब्द. मी पुढे शिकत असताना पुलाच्या तुळया मोडेपर्यंत वजन लावून बघायचे प्रयोग केले आहेत. तुळई कुठल्या भाराला मोडते ते कागदावर नीट लिहून ठेवता येतं. माणसाच्या आत एखादी गोष्ट चाळीस वर्षं ताणलेली असते, आणि ती सुटते तेव्हा तो मोडत नाही, उलट वाचतो, हे कुठल्या कागदावर लिहायचं ते मला अजून समजलेलं नाही.

न्जोकूनं कमरेचा दोर बांधला. चढता चढता तो म्हणाला, "मग काय, डेडे? पाठुंगळीला बांधू का?"

मी आईकडे बघितलं. आईनं डोळे मिटले होते. वीस वर्षांचं उसनं होतं ते, आणि फेडायला याहून वाईट जागा सापडली नसती.

वरून बाबा म्हणाले, "बांध. गाठ नीट मार."

न्जोकू इतका हसला की त्याला दोन श्वास थांबावं लागलं.

खाली यायला त्यांना तासभर लागला. न्जोकूनं एक दोर बाबांच्या मांड्यांखालून घालून झोळी केली आणि ती स्वतःच्या दोराच्या वर झाडाला बांधली. अडकलेलं कडं कोयतीनं तोडलं. मग तो खाली आणि बाबा वर, बाबांचे पाय त्याच्या खांद्यांवर, अशी एकेक वीत. प्रत्येक वितीला न्जोकू उजवा, डावा असं मोठ्यानं सांगत होता, आणि बाबा शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. जमिनीवर पाय टेकल्यावर त्यांना उभं राहता येईना. ते बुंध्याला पाठ लावून बसले. आईनं त्यांच्या तोंडाला पाणी लावलं आणि मग पहिली गोष्ट विचारली, की तुंबा खाली का टाकला नाही, त्याचा आवाज तरी कुणी ऐकला असता.

"भरलेला होता," बाबा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी उजव्या हातात कोयती उलटी धरली आणि बुंध्यावर तीन ठोके दिले. बायका घराबाहेर आल्या. उगोएझेनं खिडकी उघडून विचारलं, की झालं का बाबा एकदाचं, आम्ही आता नाहून घेऊ का.

शहरातल्या डॉक्टरनं मानेतली शीर दबल्याचं सांगितलं. हात थोडा परत येईल, पूर्ण नाही. झाडावर चढणं बंद.

मला वाटलं होतं, आता बाबा घरात बसतील आणि आम्हाला त्यांच्याभोवती हळू पावलांनी वावरावं लागेल. तसं झालं नाही. पुढच्या एकेला, म्हणजे बैठकीच्या वारी, ते बैठकीला गेले. न्जोकूनं कुणालाही काही सांगितलं नव्हतं. आठवडाभर तो गप्प होता, आणि हे बाबांना सगळ्यात जड गेलं असावं. पहिला पेला फिरला तसे ते उभे राहिले आणि सगळं सांगितलं. पोय जाड आहे म्हणालो तेसुद्धा. चार वेळा हाक दिली, कारण ओरडायला तोंड उघडलं की तीच हाक बाहेर यायची, दुसरी कुठली येतच नव्हती, हे सांगितलं. आणि प्रत्येक हाकेला बायका अजून आत कशा जात होत्या, ते वरून कसं दिसत होतं, हेही सांगितलं. एकेक दार बंद होत होतं. तिथे बैठक हसली. बाबाही हसले. मग त्यांनी न्जोकूच्या पेल्यात स्वतः माडी ओतली. वडीलधाऱ्यानं धाकट्याला ओतायची, हे आमच्याकडे रोज बघायला मिळत नाही.

मग त्यांनी मागणी केली. वर अडकलेल्या माणसासाठी वेगळी हाक ठरवा. काही अवघड नको. माडीवाला चढताना स्वतःचं नाव घेत नाही, तर अडकला की त्यानं स्वतःचं नाव घेऊन हाक द्यावी.

म्हाताऱ्यांना ते रुचलं नाही. बैठकीतले सगळ्यात वडील, डेडे इहेजिरिका, म्हणाले की अशी हाक ठेवली तर उद्या मुंगी चावली तरी पोरं झाडावरून आपापली नावं सांगत बसतील. आणि शेवटी त्यांनी तेच काढलं, जे निघणार होतं.

"तुझ्या बापानं मरतानासुद्धा आवाज काढला नाही."

बाबांनी त्यांना विचारलं, "तुम्ही होतात का तिथे?"

ते नव्हते. बैठकीतला एकही पुरुष नव्हता. तो दिवसही न्क्वोचा होता.

बाबा घरी आले ते थेट परसात जाऊन बसले. आईनं मात्र बैठकीच्या निर्णयाची वाट बघितली नाही. गावातल्या सुनांची दर महिन्याला सभा होते, तिथे तिनं विषय मांडला. हाक कशी द्यायची ते पुरुषांनी ठरवायचं असेल तर ठरवू देत, ऐकायचं कसं ते आपण ठरवू, म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "एकदा हाक आली की आपण झाकून घेतो. झाकायला आपल्याला वेळ लागतो तरी किती? दुसऱ्यांदा आली तर याचा अर्थ तो आपल्याकडे बघत नाहीये, आपल्याला बोलावतोय." तिथेच ठरलं. एकाच झाडावरून दुसरी हाक आली, की ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत एकीनं बाहेर पडायचं आणि विचारायचं. उगोएझे म्हणाली, की मी साबणासकट जाईन, मग बघू कोण उगाच हाका देतो ते. तेव्हापासून आमच्या गावात उगाच दुसरी हाक कुणी देत नाही. पण दोनदा खरी आली. दोन्ही वेळा माणूस चालत घरी गेला. पुढच्या वर्षी बैठकीनंही नावाची हाक मान्य केली, आणि ती आपलीच कल्पना होती असं डेडे इहेजिरिका आता सांगतात. बाबा त्यांना सांगू देतात.

बाबा आता झोळीचे दोर वळतात. आमच्या गावात आणि पलीकडच्या दोन गावांत मिळून अकरा माडीवाले हे दोर वापरतात. दोर वळायला दोन हात लागतात, धाग्यांचं एक टोक ताणून धरायला आणि दुसरं पिळायला. ताणून धरतो तो आईचा हात. बाईनं चढायच्या दोराला हात लावू नये असं आमच्याकडे मानतात, आणि एका गिऱ्हाईकानं तसं बोलूनही दाखवलं. बाबांनी धाग्यांवरून नजर न उचलता उत्तर दिलं, "तो माझा डावा हात आहे. तुला दुसरीकडचा दोर हवा असेल तर घे, पण वर अडकलास तर माझं नाव घेऊ नको, स्वतःचं घे." गिऱ्हाईकानं दोर घेतला.

मागच्या सुट्टीला मी निघाले तेव्हा बाबा गाडीपर्यंत आले. माझी पेटी उजव्या हातानं टपावर चढवली आणि दोराची गाठ दोनदा ओढून बघितली.

पण एक गोष्ट त्यांना गप्प बसू देत नाही. त्या बैठकीनंतर ते एकेका म्हातारीच्या घरी जायला लागले. आजोबा पडले त्या सकाळी आजूबाजूच्या दहा घरांत ज्या बायका होत्या, त्यांच्याकडे. बहुतेक गेल्या. दोघींना काही आठवत नाही. तिसरी, ओबियागेरी, जिला सगळे ने, म्हणजे आई, म्हणतात, सत्तरीच्या पुढे आहे, आमच्या न्हाणीला लागून तिची न्हाणी होती. बाबा तिच्याकडे दर एकेला माडीचा छोटा तुंबा घेऊन जातात आणि तिच्या पायाशी बसतात. तिला ती सकाळ आठवते. हाक आली तेही आठवतं. ती आत गेली, मुलाला दूध पाजलं, ठोके झाले नाहीत म्हणून बराच वेळ आतच बसली. मधे पुन्हा काही ऐकल्यासारखं वाटलं, पण तिनं तेव्हा बाळाच्या अंगावर पांघरूण ओढलं. माडीवाला हाक देतो तेव्हा मोजतं कोण रे लेकरा, असं ती म्हणते.

बाबा तिचा हात उजव्या हातात धरतात, आणि तिला पुन्हा तेच विचारतात. ने, जरा आठवून सांग, माझ्या बापानं त्या दिवशी किती वेळा हाक दिली होती?